तेलबियांची घट किडींच्या पोटात. हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नाही

मारुंजी (ता. मुळशी) - हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीला खेटून असलेल्या मारुंजीत आता शेतांपेक्षा गृहसंकुलेच अधिक नजरेत भरतात. या संकुलांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या किराणा दुकानांत खाद्यतेलाच्या पिशव्यांची जी रास असते, तीत सोयाबीन, सूर्यफूल आणि पामतेल यांचेच राज्य चालते. करडईचे तेल मागणारे गिऱ्हाईक विरळा. मुळशी-मावळच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनीत एके काळी पिकणारे कारळे तर आता चटणीपुरतेच उरले आहे. दुकानातल्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आलेले असते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, तर सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनमधून येते. देशाची वार्षिक आयात अलीकडच्या वर्षांत १६० लाख टनांच्या आसपास राहिली आहे.

या परावलंबित्वाची चर्चा होते, तेव्हा हमीभाव, आयातशुल्क आणि बियाणे या तीन गोष्टींवर बोट ठेवले जाते. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, यात वाद नाही. परंतु पेरणी झाली, पीक उगवले, वाढले आणि पदरात पडण्यापूर्वी त्यातला काही वाटा किडींनी नेला, ही चौथी बाजू या चर्चेत क्वचितच येते. त्याचे कारण साधे आहे. पूर दिसतो, गारपीट दिसते, दुष्काळही दिसतो. किडीचे नुकसान बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही आणि जे दिसत नाही, ते सरकारदरबारी मोजलेही जात नाही. महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरवर घेतल्या जाणाऱ्या सोयाबीनच्या बाबतीत ही गोष्ट सर्वाधिक खरी आहे.

२००८ चा धडा

अपवाद एका वर्षाचा. २००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यातील सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणारी अळी तुटून पडली. शास्त्रज्ञ तिला स्पोडोप्टेरा लिट्युरा म्हणतात; शेतकरी तिला लष्करी अळी म्हणून ओळखतात. (२०१८ मध्ये देशात प्रथम आढळलेली मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ती ही नव्हे.) हिरवीगार शेते काही दिवसांत झडल्यासारखी झाली. पाने संपली, की अळ्यांचे थवे बांध ओलांडून शेजारच्या शेतात शिरत. नुकसानीचा आकडा हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेला आणि शेतकऱ्यांना मदतीपोटी शासनाला शेकडो कोटी रुपये वाटावे लागले.

ही अळी काही आकाशातून पडलेली नव्हती. तिची मादी पानाच्या खालच्या बाजूस शेकडो अंड्यांचे पुंजके घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस एकाच पानावर गर्दीने राहतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडून त्याची जाळी करतात. शेतातून फिरणाऱ्याला असे जाळीदार पान सहज ओळखू येते. ते तोडून नष्ट केले, की शेकडो अळ्यांचा निकाल एका हातात लागतो. मात्र चार-पाच दिवसांत अळ्या शेतभर पांगतात. मोठ्या झाल्यावर त्या दिवसा मातीच्या भेगांत दडून बसतात, रात्री पाने खातात आणि औषधालाही सहजी दाद देत नाहीत. म्हणजे उपाय करण्याचा काळ चार-पाच दिवसांचा असतो. २००८ मध्ये तो काळ निघून गेल्यावर यंत्रणेला जाग आली. औषधांचा तुटवडा, अनुदानाच्या मागण्या आणि पंचनामे हे सगळे त्यानंतर घडले.

त्या फजितीतून एक चांगली गोष्ट निघाली, हे मान्य करायला हवे. २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने 'क्रॉपसॅप' या नावाने ओळखला जाणारा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला. नवी दिल्लीचे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्र, राज्यातील चारही कृषी विद्यापीठे, हैदराबादची कोरडवाहू शेती संशोधन संस्था आणि इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था यांना त्यात एकत्र आणले गेले. कल्पना अगदी सरळ होती. ठरावीक गावांतील ठरावीक शेतांत दर आठवड्याला जाऊन किडी मोजायच्या, ते आकडे संगणकावर भरायचे, विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते पाहून सल्ला द्यायचा आणि तो लघुसंदेशाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचा. प्रथम सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि भात अशी पिके घेतली गेली. पुढे त्यांत इतर पिकांची भर पडली. भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर किडींची मोजदाद करण्याचा हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक होता. त्यानंतर २००८ सारखा, संपूर्ण प्रदेश उघडा पाडणारा उद्रेक सोयाबीनवर झालेला नाही. त्याचे सारे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही, कारण पाऊस, वाण आणि औषधे यांचाही त्यात हात आहे. परंतु अळीची चाहूल आधी लागू लागली, हे खरे.

दिसते ती आणि दिसत नाही ती

येथेच खरी अडचण सुरू होते. पाने खाणारी अळी दिसते, म्हणून तिच्यावर औषध पडते. सोयाबीनचे उत्पादन वर्षानुवर्षे गुपचूप खाणाऱ्या किडी मात्र वेगळ्याच आहेत.

खोडमाशी ही त्यांतली पहिली. ही इवलीशी काळी माशी पीक दोन पानांवर असतानाच अंडी घालते. अळी पानाच्या देठातून खोडात उतरते आणि आतला गाभा पोखरत जाते. रोप अगदी लहान असेल, तर ते मरते आणि ओळीत खाडा पडतो. ते थोडे मोठे असेल, तर जगते, हिरवेही दिसते. खोड उभे चिरून पाहिल्याशिवाय आतला लालसर नागमोडी बोगदा कळत नाही. किती शेतकरी हिरव्या झाडाचे खोड चिरून पाहतील? असे झाड शेंगा धरते, पण कमी. दाणा भरतो, पण हलका. मळणीनंतर उतारा कमी आला, तर दोष पावसाला किंवा बियाण्याला दिला जातो.

दुसरा चक्रीभुंगा. याची मादी देठावर किंवा खोडावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन गोल खापा घेते आणि त्यांच्या मधोमध अंडे घालते. खापेच्या वरचा भाग सुकतो. शेंडा मान टाकतो, तेव्हा शेतकऱ्याला वाटते पाण्याचा ताण बसला. आतली अळी खोड पोखरत खाली जाते आणि पीक पक्व होण्याच्या सुमारास झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर मोडून पडते. कापणीच्या वेळी जमिनीवर पडलेल्या शेंगा कोण वेचत बसणार?

तिसरी पांढरी माशी. ती रस शोषते, पण तिचा खरा उपद्रव पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करण्यात आहे. २०२३ च्या खरिपात विदर्भातील आणि मराठवाड्यातील सोयाबीनची शिवारे ऐन शेंगा भरण्याच्या काळात पिवळी पडली, तेव्हा हा रोग पहिल्यांदाच एवढा चर्चेत आला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा होता. कोरड्या, उबदार हवेत पांढरी माशी फोफावते, हे कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मूळकुज आणि खोडकुज यांनीही त्या वर्षी हात धुऊन घेतला, त्यामुळे सगळा दोष माशीच्या माथी मारणे योग्य नाही. परंतु पिवळे पान दिसू लागल्यावर माशीसाठी फवारणी करून फारसे काही साधत नाही. विषाणू तोवर झाडात शिरलेला असतो. उपाय करायचा तो पेरणीच्या वेळी. थायोमेथोक्झामसारख्या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया खोडमाशी आणि पांढरी माशी या दोहोंपासून पहिले काही आठवडे संरक्षण देते. ही शिफारस विद्यापीठे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. बियाण्याला औषध चोळणे हे फवारणीपेक्षा कमी खर्चाचे आणि कमी धोक्याचे काम आहे. पण पाऊस पडल्यावर वाफसा मिळताच पेरणीची जी घाई उडते, तिच्यात ते राहून जाते.

अळीच्या बाबतीत शेतकरी घाई करतो आणि खोडमाशीच्या बाबतीत त्याला उशीर होतो, असे हे उलटे गणित आहे. फुलोऱ्यापूर्वी सोयाबीनची पाव हिस्सा पाने खाल्ली गेली, तरी पीक ती झीज बहुतांशी भरून काढते. म्हणूनच उंटअळ्यांसाठी एक मीटर ओळीत साधारण चार अळ्या ही फवारणीची मर्यादा सांगितली जाते. दोन अळ्या दिसताच पंप पाठीवर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, शिवाय त्या अळ्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांनाही मारणे. दमट हवेत अळ्यांवर वाढणारी एक बुरशी आहे, मेटारायझियम रिलेई. तिने मेलेल्या अळ्या पांढऱ्या-हिरवट होऊन पानांना चिकटलेल्या दिसतात. निसर्गाची ही फुकटची फवारणी बुरशीनाशकाच्या अनावश्यक माऱ्याने बंद पडते, हे किती जणांना माहीत असते?

एका क्विंटलची किंमत

नुकसान नेमके किती? जगभरातील तज्ज्ञांच्या अंदाजांवर आधारलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सोयाबीनमधील कीड आणि रोग यांमुळे होणारी घट सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगतो. हा आकडा जगाचा आहे आणि त्यात रोगही आले. तो जसाच्या तसा लातूर किंवा वाशीमला लावणे बरोबर होणार नाही. म्हणून येथे अधिक सावध हिशेब करून पाहू.

समजा, किडींमुळे हेक्टरी फक्त एक क्विंटल सोयाबीन जाते. राज्याची उत्पादकता पावसाच्या लहरीप्रमाणे हेक्टरी दहा ते चौदा क्विंटलच्या दरम्यान हेलकावत असते, हे पाहता एक क्विंटल हा अंदाज कुणाला अतिशयोक्त वाटू नये. ५० लाख हेक्टरवर ही घट ५० लाख क्विंटल, म्हणजे पाच लाख टन होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या क्विंटलमागे ५,३२८ रुपये या हमीभावाने तिची किंमत सुमारे २,६६० कोटी रुपये भरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियानाची तरतूद १०,१०३ कोटी रुपये आहे. तीही सात वर्षांसाठी आणि संपूर्ण देशासाठी. एका राज्यातील एका पिकाची, हेक्टरी एका क्विंटलची घट चार वर्षांत त्या तरतुदीला मागे टाकते.

याचा अर्थ किडी आवरल्या, की तेलाची आयात थांबेल, असा कोणी काढू नये. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के असते, बाकीची पेंड. पाच लाख टन सोयाबीनमधून लाखभर टनांहूनही कमी तेल निघेल आणि १६० लाख टनांच्या आयातीपुढे ते दर्यामे खसखस ठरेल. प्रश्न आयातीपेक्षा शेतकऱ्याच्या नफ्याचा आहे. कोरडवाहू सोयाबीनमध्ये खर्च वजा जाता जे उरते, ते बहुधा शेवटच्या एक-दोन क्विंटलांतच असते. तेच किडीने नेले, तर वर्षभराच्या राबण्याचे मोल शून्यावर येते. पेंडीवर कोंबड्या पोसल्या जातात, त्यामुळे शहरातल्या अंड्याच्या दराशीही या घटीचा संबंध पोहोचतोच, पण तो दूरचा.

नियमांच्या चाळणीतून निसटलेले नुकसान

मग ही घट शासकीय हिशेबात कुठे दिसते? कुठेच नाही, आणि त्यामागे नियमांची रचना आहे.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठीच्या आपत्तींच्या यादीत पूर, दुष्काळ, गारपीट यांच्या जोडीने 'कीड प्रादुर्भाव'ही आहे. अट एकच, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक हवे. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती, ती खाली आणली, हे चांगलेच झाले. परंतु खोडमाशी दरसाल दहा-पंधरा टक्के खात असेल, तर ती या चाळणीत कधीच अडकणार नाही. २००८ सारखा हाहाकार झाला, तरच कीड ही आपत्ती ठरते.

पीकविम्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. २०१६ पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत महसूल मंडळातील सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले, तर भरपाई मिळते. उंबरठा उत्पादन कसे ठरते? मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे; महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के आहे. आता ज्या मंडळात कीड दरवर्षीच काही क्विंटल नेते, तेथे 'चांगल्या' वर्षांची सरासरीही किडीने कुरतडलेलीच असते. म्हणजे नेहमीचे नुकसान उंबरठ्यातच मुरून जाते. जितकी कीड नित्याची, तितकी ती विम्याला अदृश्य.

२०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीकविमा आणला. त्यात गैरप्रकार उघड झाल्यावर २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली, शेतकऱ्याला खरिपात पुन्हा दोन टक्के हप्ता भरावा लागू लागला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पादनापुरती मर्यादित करण्यात आली. हंगामाच्या मध्यावर मोठी आपत्ती ओढवल्यास आगाऊ रक्कम मिळण्याची जी तरतूद पूर्वी होती, ती गेली. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकच्या वेळी शेतकऱ्यांनी जिच्याकडे आशेने पाहिले, ती हीच. गैरप्रकार रोखणे आवश्यक होते. पण त्याच फटक्यात ऐन हंगामात किडीची दखल घेणारी एकमेव खिडकीही बंद झाली.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा मंत्र्यांचे दौरे झाले, पंचनामे झाले, मदतीची घोषणा झाली. ते योग्यच होते. त्या पाण्याखाली किडीने आधीच पोखरलेली किती झाडे होती, हा प्रश्न विचारायला अर्थातच कुणाला सवड नव्हती.

भाव पडला, की फवारणीही महाग

कीड व्यवस्थापनाच्या पुस्तकांत 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा अधिक होऊ लागले, की फवारावे, असा त्याचा अर्थ. ही पातळी मालाच्या भावावर अवलंबून असते, ही बाब मात्र सल्ला देताना बहुधा गाळली जाते. सोयाबीनचा भाव सहा हजार असताना जी फवारणी परवडते, ती चार हजारांच्या भावात परवडेलच असे नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी काढणीनंतर राज्यातील अनेक बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. शहरांत तेल महागल्याची ओरड झाल्यावर मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले. मारुंजीतल्या ग्राहकाला त्यामुळे तेल थोडे स्वस्त मिळाले असेल. लातूरच्या शेतकऱ्याच्या डोक्यातील फवारणीचे गणितही त्याच निर्णयाने बदलले, याची मात्र कुठे वाच्यता झाली नाही.

अशा वेळी शेतकरी दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर हात आखडतो आणि पीक देवावर सोडतो. नाही तर कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यामागचा माणूस देईल ती दोन-तीन औषधे, सोबत टॉनिक, एकाच टाकीत मिसळून फवारतो. त्याला सल्ला हवा असतो त्या क्षणी समोर उभा असतो तो विक्रेताच. लघुसंदेश येतो, तो तालुक्यासाठी असतो. विक्रेता बोलतो, ते त्याच्या शेताबद्दल. शिवाय उधारीही तोच देतो.

औषधांच्या मिश्रणाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते पीक प्रामुख्याने कापूस होते. परंतु त्या भागात कापूस आणि सोयाबीन यांत फक्त बांधाचे अंतर असते आणि पंप पाठीवर घेणारा मजूरही तोच असतो.

करडईने जागा का सोडली

किडीची घट हिशेबात न धरल्याने एखादे पीकच कसे मागे पडते, हे पाहायचे तर करडईकडे पाहावे. सोलापूर, परभणी, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पट्ट्यात करडई हे रब्बीचे हुकमी तेलबियांचे पीक होते. १९८० च्या दशकात तिच्याखाली काही लाख हेक्टर क्षेत्र होते. आता ते हजारांत मोजावे लागते. काटे, मजूरटंचाई आणि स्वस्त पामतेल ही कारणे सर्वश्रुत आहेत. काट्यांवर तोडगा निघाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण दिले. माव्याचे काय? करडईवरचा काळा मावा शेंड्यांवर आणि कळ्यांवर दाट थर करून बसतो, रस शोषतो आणि त्याच्या चिकट स्रावावर काजळीसारखी बुरशी वाढते. पेरणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, तर मावा जोर धरेपर्यंत पीक निसटते. पेरणी लांबली, की ते पुरते सापडते. सोयाबीन जसजसे खरीप व्यापत गेले, तसतशी त्याच शेतात करडईची पेरणी सोयाबीनच्या काढणीपर्यंत पुढे ढकलली गेली. एका तेलबियाने दुसरीला माव्याच्या तोंडी दिले, असेच म्हणावे लागेल.

गंमत म्हणजे या माव्याचा बंदोबस्त कठीण नाही. तो प्रथम शेताच्या कडेच्या झाडांवर उतरतो, तेव्हा सुरुवातीलाच कडेने काही फुटांच्या पट्ट्यात फवारले, तरी बरेचसे काम होते. सोलापूरच्या संशोधन केंद्राचा 'भीमा' हा वाण माव्याला बऱ्यापैकी तोंड देतो. पण करडईच्या काटेरी शेतात शिरून कडेची झाडे पाहायला माणूस लागतो. ज्या पिकाला भावच नाही, त्यात कोण शिरणार?

सूर्यफुलाची कथा थोडक्यात अशीच. १९९७ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेला आणि फुलकिड्यांच्या मार्फत पसरणारा नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग पुढे महाराष्ट्रातही आला. शेतकऱ्यांचा सूर्यफुलावरील विश्वास उडण्यामागे पक्षी आणि बाजार यांच्याबरोबर या रोगाचाही हात होता. पश्चिम महाराष्ट्रात भुईमुगाच्या मुळांवर हुमणी ताव मारते. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते गोळा करून मारावेत, हा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र तो एकट्याने करून भागत नाही, साऱ्या गावाने करावा लागतो. उसाच्या गावांत साखर कारखान्यांनी अशा मोहिमा चालवल्या आहेत. भुईमुगाच्या पाठीशी असा कोणताही कारखाना नाही.

पुण्याचा वाण, बाहेरच्या शेतासाठी

किडीला तोंड देणारे बियाणेच हाती आले, तर फवारणीचा, सल्ल्याचा आणि विक्रेत्याचा प्रश्न बराच हलका होईल. हे काम मारुंजीपासून फार दूर नव्हे, पुण्यातच चालते. आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'एमएसीएस १४०७' हा सोयाबीनचा वाण विकसित केला असून २०२१ मध्ये त्याची घोषणा झाली. चक्रीभुंगा, खोडमाशी, पांढरी माशी, मावा आणि पाने खाणाऱ्या अळ्या या साऱ्यांना तो प्रतिकारक असल्याचे आणि हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंत उत्पादन देत असल्याचे सांगण्यात आले. मात्र त्याची शिफारस आहे ती आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी. वाणांची शिफारस विभागवार चाचण्यांवरून होते आणि ते शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. एका हवामानातला प्रतिकार दुसऱ्या हवामानात टिकेलच असे नाही. महाराष्ट्रासाठी परभणीच्या विद्यापीठाचा 'एमएयूएस १५८' खोडमाशीला सहनशील मानला जातो. तरीही मध्य प्रदेशातून आलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसारित झालेल्या 'जेएस ३३५' या वाणाने येथील शिवारे दोन दशकांहून अधिक काळ व्यापली होती. एकच वाण एवढ्या मोठ्या प्रदेशावर एवढी वर्षे राहिला, की किडींना त्याची सवय होते. त्याच्या जागी आता 'फुले संगम'सारखे जोमदार वाण आले आहेत. ते उंच वाढतात, दाटी करतात, चांगला उतारा देतात. दाट, लुसलुशीत पीक किडींनाही आवडते.

केंद्राच्या तेलबिया अभियानाने २०२२-२३ मधील ३९० लाख टनांचे तेलबिया उत्पादन २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सुधारित बियाणे, नवे क्षेत्र आणि आंतरपिके यांवर त्याचा भर आहे. जे पिकले त्यातले किती किडीने नेले, हे मोजण्याची सोय महाराष्ट्रात निम्मी तयार आहे. क्रॉपसॅपच्या नोंदींत गावोगावच्या अळ्यांचे दर आठवड्याचे आकडे आहेत आणि पीक कापणी प्रयोगांत मंडळामंडळातील धान्याचे वजन आहे. एक नोंद कीटकशास्त्र विभागाकडे जाते, दुसरी सांख्यिकी विभागाकडे आणि विमा कंपन्यांकडे. कापणी प्रयोगात धान्य तोलले जाते, तेव्हा शेजारच्या दहा झाडांची खोडे उभी चिरून आत बोगदा आहे का, एवढे पाहायला फार तर पंधरा मिनिटे लागतील. आजच्या पद्धतीत काटा वजन दाखवतो, आणि उरलेले धाट वैरणीत जाते.